एसीतला गॅस ‘संपत’ नाही: खाऱ्या हवेत गाडीचा एसी घरी कसा तपासायचा आणि कुठवर दुरुस्त करायचा

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. लहान गाडीत साधारण ३५० ते ४५० ग्रॅम आणि मोठ्या गाडीत ५०० ते ६०० ग्रॅम गॅस बंद नळ्यांतून गोल फिरत असतो. तो कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाला थोडे ग्रॅम झिरपतातच, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या गाडीचं कूलिंग जरा उतरलं तर त्यात नवल नाही. पण दर मे महिन्यात, चाकरमानी गावाला यायच्या सुमारास, गॅस भरावा लागत असेल तर ती गळती आहे. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

किनारपट्टीवर दुसरीही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इथे कूलिंग जाण्याची बरीच कारणं गॅसच्या वाटेला न जाताच सापडतात: पातेऱ्याने (सुक्या पानांनी) तुंबलेला फिल्टर, मिठाने खाल्लेला कंडेन्सर, बंद पडलेला पंखा, उंदराने कुरतडलेली वायर. ही कामं घरच्या अंगणात होतात. त्यांना स्क्रूड्रायव्हर, पाण्याचा पाइप, साधा मल्टिमीटर आणि एक थर्मामीटर पुरतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हवा, मग वायरिंग, मग गळती आणि सगळ्यात शेवटी गॅस.

एसी नेमकं काय करतो

आजही आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. उघड्या हवेत तो उणे २६ अंशांना उकळतो. डॅशबोर्डच्या आत जी कूलिंग कॉइल असते, तिच्यात त्याच्यावर जेमतेम ३० पीएसआय (दाबाचं एकक) दाब असतो. त्या दाबाला तो शून्य-दोन अंशांच्या आसपास उकळतो आणि उकळताना केबिनमधल्या हवेची उष्णता ओढून घेतो. ही वाफ कॉम्प्रेसर दाबतो, दोनशे पीएसआयच्या वर नेतो. दाबलेली वाफ इतकी तापते की बाहेरची ३३ अंशांची हवासुद्धा तिच्यापुढे गारच. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती आपली उष्णता त्या हवेला देऊन द्रव होते, ड्रायरमधून (पाणी शोषून घेणाऱ्या गाळणीतून) गाळून निघते आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून पुन्हा कॉइलमध्ये शिरते. एवढंच चक्र आहे. बिघाड काहीही असो, तो या चक्रातली हवा, वीज, गॅस किंवा कॉम्प्रेसर यांपैकी कुठेतरी असतो.

कोकणात या चक्रावर जास्तीचं ओझं असतं ते दमट हवेचं. देशावर माठातलं पाणी छान गार होतं, इथे तितकं होत नाही, कारण हवेत आधीच पाणी भरलेलं. एसीला हवा गार करता करता तेच पाणी हवेतून काढावं लागतं. एक लिटर पाणी हवेतून ओढायचं तर कॉइलला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता उचलावी लागते. तेवढ्या उष्णतेत विहिरीचं आठ लिटर पाणी उकळीला येईल. म्हणून गाडीतला हवेचा खटका ‘बाहेरची हवा’ या बाजूला राहिला असेल, तर धडधाकट एसीसुद्धा रत्नागिरीच्या मे महिन्यात दमतो. पहिली पाच मिनिटं काचा खाली करून आतली तापलेली हवा घालवा, मग काचा बंद करा आणि ‘आतली हवा’ लावा. थोडी झोप आल्यासारखी वाटली तर अधूनमधून दोन मिनिटं बाहेरची हवा घ्या.

मोजल्याशिवाय ‘कूलिंग येत नाही’ म्हणू नका. गाडी सावलीत आणि उघड्यावर उभी करा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आतली हवा, पंखा मधल्या वेगावर, इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर, दहा मिनिटं. डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर खोचा. बाहेर ३२ अंश आणि दमट असेल तेव्हा ८ ते १२ अंश आले तर एसी ठीक आहे. १५ च्या वर राहिला तर पुढे वाचा.

जाड नळीला हात लावा

बॉनेट उघडा. केबिनच्या भिंतीत दोन अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या शिरताना दिसतील, एक बारीक, एक जाड. एसी चालू असताना बारीक नळी कोमट ते गरम लागते आणि जाड नळी गार. पट्टे आणि पंखा फिरत असतात, बाही वर सारा आणि हात तेवढाच आत घाला.

इथली दमट हवा या तपासणीत तुमच्या बाजूने आहे. हवेचा दवबिंदू किनाऱ्यावर बरेच महिने २४ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे जाड नळी खरोखर गार असेल तर पाच मिनिटांत तिच्यावर थेंब धरतात आणि ओघळतात. ती कोरडी राहिली, बोटाला नुसती थंडसर लागली, तर गॅस कमी आहे किंवा कॉम्प्रेसर दाब देत नाही. नळी घामाने निथळते आहे पण जाळीतून हवा कोमट येते, असं असेल तर गॅसला हात लावायचं कारणच नाही: हवेचा मार्ग तुंबलाय किंवा हीटरची झडप अर्धवट उघडी राहून गरम हवा मिसळते आहे. जुन्या गाड्यांत ही झडप केबलने ओढली जाते. गंजून अडकलेली केबल मोकळी केली की काम होतं.

हवेचा मार्ग

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटसमोरच्या कप्प्यामागे असतो. कप्प्याचे दोन्ही कान आत दाबले की तो खाली लोंबतो, मागे झाकण दिसतं. फिल्टर काढताना त्यावरचा बाण कोणत्या दिशेला आहे ते बघून ठेवा. काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलला कंपनीने फिल्टर दिलेलाच नसतो, नुसती खाच असते. तिथे त्याच मापाचा फिल्टर बसतो, आणि बसवाच, कारण फिल्टर नसला की सगळी धूळ ओल्या कॉइलवर चिकटते आणि कॉइल साफ करायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. कंपनीच्या पुस्तकात फिल्टरचे किलोमीटर दिलेले असतात. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला त्यापेक्षा ऋतूचा हिशेब बरा: एकदा पावसाआधी, एकदा ऑक्टोबरात. धुऊन परत बसवलेला कागदी फिल्टर पावसाळ्यात वाळत नाही आणि बुरशी धरतो.

पुढच्या काचेखालच्या जाळीत पडणारा पातेरा हातानेच काढा. तो आत गेला तर ब्लोअरच्या पंख्यात खडखडतो, आणि कुजून ड्रेन पाइप बुजवतो. एसीतून निघणारं पाणी गाडीखाली टपकायला हवं, दमट दिवशी तासाभरात लिटरच्या घरात. टपकत नसेल आणि पुढच्या सीटखालचा गालिचा ओला असेल, तर गाडीखाली जाऊन केबिनच्या भिंतीतून खाली आलेली बोटाएवढी रबरी नळी शोधा. तिच्यात मऊ प्लॅस्टिकची वायर हळूच सरकवा. लोखंडी तार नको, वर कॉइलच आहे. चिखलाचा लगदा निघाला की मागोमाग साठलेलं पाणी धो धो येतं. ते स्वच्छ, बिनवासाचं असतं. हिरवट किंवा गुलाबी, चिकट, गोडसर वासाचं पाणी आलं तर ते इंजिनचं कूलंट आहे आणि तो हीटरचा बिघाड आहे.

कुबट वासाचं मूळही ओल्या कॉइलवर असतं. अत्तराची बाटली लावून तो जात नाही. घरी पोचायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायची सवय लावा, कॉइल वाळते.

पंखा फक्त शेवटच्या वेगावर चालतो, बाकी वेगांवर नाही, ही तक्रार आली तर ब्लोअरचा रेझिस्टर जळालाय. दोन स्क्रूंचं काम आहे. पण तुंबलेला फिल्टर तसाच ठेवला तर नवाही जळेल, कारण त्याला गार ठेवते ती त्याच वाटेने जाणारी हवा.

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीच्या पुरात गाड्या बुडाल्या, तशी पाण्यात गेलेली गाडी घेत असाल तर ब्लोअर काढून आत बोट फिरवा. कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ सापडला तर कॉइलच्या पात्यांतही तोच आहे, आणि ती कॉइल बदलावी लागेल असं धरूनच किंमत ठरवा.

कंडेन्सर आणि खारा वारा

गाडी हायवेला धावत असताना गार, सिग्नलला किंवा बाजारात उभी राहिली की कोमट, हे लक्षण दिसलं की कंडेन्सरकडे बघा. एसी चालू केल्यावर थोड्याच वेळात रेडिएटरचा पंखा फिरायला लागला पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले आणि मोटर याच क्रमाने तपासा. पंखा फिरतो तरी फरक नसेल तर कंडेन्सरच्या पात्यांत माती बसलीय. रस्त्याच्या कामांवरची तांबडी धूळ पहिल्या सरीत चिखल होऊन तिथे थापली जाते, आणि तिच्यात मीठ धरून राहतं. मग अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या पिठासारखं सुटायला लागतं. कंडेन्सरच्या खालच्या कडेला बोट लावलं आणि पात्या चुरून हातात आल्या, तर तो आता धुण्यापलीकडे गेला.

धुताना इंजिन पूर्ण गार हवं. साधा पाइप, अंगठ्याने अडवलेली धार, शक्य तिथे आतून बाहेरच्या दिशेने. सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा पात्या आडव्या करतो, मग हवा जातच नाही. समुद्राजवळच्या बोअरला बऱ्याचदा मचूळ पाणी लागतं. त्याने धुतलं तर मीठ काढण्याऐवजी घालणं झालं, विहिरीचं गोडं पाणी वापरा. गाडी किनाऱ्याला किंवा बंदरावर उभी राहत असेल तर पंधरा दिवसांतून एकदा. कॉस्टिकचा क्लीनर वापरू नका, तो अ‍ॅल्युमिनियमच खातो.

घाट चढताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की अनेक गाड्यांचा संगणक कॉम्प्रेसर काही सेकंद सोडतो, इंजिनला जोर मिळावा म्हणून. आंबा घाटात किंवा आंबोलीच्या चढावर हवा अधूनमधून कोमट झाली तर तो बिघाड नाही. इंजिनचा काटा वर चढून एसी बंद पडला तर मात्र आधी कूलंट बघा.

वायरिंग

एसीचं बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरकडून ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुलीच्या पुढची तबकडी, म्हणजे क्लच, फिरायला लागते. (काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तिथे ही खूण चालणार नाही.) आवाज नाही तर फ्यूज बघा, मग त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून एसीच्या जागी लावून बघा. पुढे क्लचच्या जोडणीवर मल्टिमीटर लावा. १२ व्होल्ट येतात आणि क्लच ओढत नाही, तर क्लचची विजेची कॉइल मोजा: बहुतेक गाड्यांत ३ ते ५ ओम. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. व्होल्टच येत नसतील तर प्रेशर स्विच, कूलिंग कॉइलचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) किंवा वायर. प्रेशर स्विच गॅस फार कमी झाला की मुद्दाम वीज तोडतो, कारण गॅससोबत फिरणारं ऑइल न मिळाल्यास कॉम्प्रेसर जाम होतो. त्या स्विचला वायर लावून तो बायपास करून गाडी चालवू नका. त्याने स्वस्तातला स्विच वाचवून कित्येक हजारांचा कॉम्प्रेसर जातो.

इथे जोडण्यांवर हिरवट थर धरतो. प्लग काढा, टूथब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने घासा, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बसवा. पावसाळ्यात उंदीर उबेला बॉनेटखाली येतात, त्यामुळे वायरींच्या जुडग्यावरून एकदा बोट फिरवाच.

एसी सकाळी उत्तम, अर्ध्या तासाने क्लच सुटतो आणि गाडी गार झाली की पुन्हा लागतो, हा बिघाड अनेकदा गॅसवर ढकलला जातो. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) क्लचची फट मोजा. साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर हवी. घासून ती वाढली की क्लचची तापलेली कॉइल तबकडी ओढू शकत नाही. मधला बोल्ट काढून आतली एक पातळ चकती कमी केली की फट जुळते.

गळती शोधणं

गॅससोबत ऑइल बाहेर येतं आणि ऑइलवर धूळ बसते. इतर ठिकाणी तो काळा डाग असतो. इथे तो जांभ्याच्या धुळीने विटकरी-काळा दिसतो आणि बोटाला तेलकट लागतो. कंडेन्सरचे खालचे कोपरे, नळ्यांचे सगळे सांधे, होज क्रिम्प केलेल्या जागा, कॉम्प्रेसरच्या पुलीमागे आणि गॅस भरायच्या दोन टोप्यांखालचे व्हॉल्व्ह बघा. टोप्या काढून साबणाच्या फेसाचा थेंब टाका. बुडबुडा फुगला तर आतला बारीक व्हॉल्व्ह गेला. बारीक गळती फेसाने दिसत नाही. त्यासाठी युव्ही डाय (गॅससोबत आत सोडायचा चमकणारा रंग) आणि निळा दिवा, किंवा यंत्रणा रिकामी करून कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरून बघणं. टायरचा कॉम्प्रेसर लावू नका, त्या हवेत पाणी असतं. ऑक्सिजन तर मुळीच नाही, तेलाशी भेटला की स्फोट होतो.

सांधा उघडायच्या आधी यंत्रणेतला गॅस वर्कशॉपच्या रिकव्हरी यंत्रात काढून घ्या. तो हवेत सोडायचा नसतो: शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट पृथ्वी तापवतो, म्हणजे ४०० ग्रॅम सोडणं हे साडेपाचशे किलोंहून जास्त धूर सोडण्यासारखं आहे. सांधा उघडताना दोन पान्हे लावा, एकाने नळी धरा, दुसऱ्याने नट फिरवा. एकाच पान्ह्याने अ‍ॅल्युमिनियमची नळी पिळवटते. नवी ओ-रिंग एसीचीच घ्या, नळाच्या दुकानातली रबरी रिंग या गॅसला आणि ऑइलला टिकत नाही. बसवण्याआधी तिला एसीचं ऑइल लावा. उघड्या टोकांना लगेच प्लॅस्टिक आणि टेप लावा. ड्रायर बदला. आषाढात यंत्रणा एक रात्र उघडी राहिली तर जुना ड्रायर पाण्याने भरलाच म्हणून समजा.

बहुतेक गाड्यांत पीएजी जातीचं ऑइल असतं आणि ते हवेतलं पाणी शोषतं. उघडलेली अर्धी बाटली पुढच्या कामासाठी ठेवू नका. कंडेन्सर बदलला तर साधारण ३० मिली ऑइल घालतात, पण नेमका आकडा आणि ग्रेड गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. गळती बुजवणारं रसायन एसीत टाकू नका. ते एक्सपान्शन व्हॉल्व्हही बुजवतं.

गॅस

हे काम घरी करायचं तर मॅनिफोल्ड गेज (दाबाची दोन घड्याळं: कमी दाबाच्या बाजूचं निळं, जास्त दाबाच्या बाजूचं लाल), व्हॅक्यूम पंप आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, तिन्ही हवेत. एकही नसेल तर वर्कशॉपमध्ये जा. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. तिथे आर-१२३४वायएफ लिहिलं असेल, किंवा गाडी हायब्रिड-इलेक्ट्रिक असेल, तर थांबा. पहिला गॅस पेट घेऊ शकतो, दुसरीत कॉम्प्रेसरला नारिंगी केबलमधून जीवघेणा व्होल्टेज येतो आणि ऑइलही वेगळं लागतं.

आधी दाब वाचा. इंजिन बंद, गाडी काही तास उभी: ३० अंशांना दोन्ही घड्याळं सुमारे ९७ पीएसआय दाखवतील, ३५ अंशांना ११४. तेच ४० दाखवलं तर आत जवळपास काही उरलेलं नाही. पण ९७ दिसले म्हणून गॅस पुरेसा आहे असं नव्हे. आत थोडासा द्रव असला तरी तोच आकडा येतो. चालू इंजिनवर, बाहेर ३२-३४ अंश असताना, निळं घड्याळ २५ ते ४५ आणि लाल २०० ते २७५ च्या दरम्यान असावं. दोन्ही कमी म्हणजे गॅस कमी. दोन्ही जास्त म्हणजे कंडेन्सर तुंबला, पंखा बंद किंवा गॅस जादा. निळं वर, लाल खाली म्हणजे कॉम्प्रेसर थकला. निळं शून्याकडे झुकतं आणि थोड्या वेळाने आपोआप सावरतं, तर आत पाणी आहे आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी त्याचा बर्फ होतोय.

गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा ओढून घेतात, त्या व्हॅक्यूमबद्दल इथे एक खास गोष्ट. ३० अंशांना आतलं पाणी उकळून निघायचं तर दाब ४२ मिलिबारच्या खाली जायला हवा. समुद्रसपाटीवर त्यासाठी घड्याळात (पाऱ्याचे) २९ इंच दिसले पाहिजेत. पुण्यात हवेचाच दाब कमी, तिथे २८ इंच म्हणजे जवळजवळ पूर्ण व्हॅक्यूम. मालवणात २८ वर पंप बंद केला तर पाणी आतच राहतं. कोरड्या दिवसांत ४५ मिनिटं, पावसाळ्यात तासभर पंप चालवा. मग व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास थांबा. काटा हलला तर गळती आहे, गॅस भरू नका.

बाजारात ४५० ग्रॅमचे डबे मिळतात. खात्रीच्या दुकानातूनच घ्या. २०११ साली जहाजावरच्या थंड कंटेनरांत भेसळीचा गॅस गेल्याने स्फोट होऊन माणसं मेली. त्यात मिथाइल क्लोराइड होतं, ते अ‍ॅल्युमिनियमशी पेट घेणारी रसायनं तयार करतं. घरगुती सिलिंडरचा गॅस एसीत भरणारे भेटतात, त्यांच्याकडे गाडी देऊ नका.

डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे. डब्याला जोडलेल्या पिवळ्या होजमधली हवा गॅसने हलकेच बाहेर काढा. डबा काट्यावर उभा ठेवा, फक्त निळा व्हॉल्व्ह उघडा. इंजिन चालू असेपर्यंत लाल व्हॉल्व्ह बंद, नाहीतर तिकडचा दाब डब्यात शिरून डबा फुटतो. डबा उलटा करू नका, द्रव कॉम्प्रेसरमध्ये गेला तर त्याचे व्हॉल्व्ह मोडतात. डबा गार पडून गॅस जायचा थांबला तर कोमट पाण्यात धरा, ४० अंशांच्या वर नाही. स्टिकरवर ४०० ग्रॅम असतील तर ४०० वरच थांबा. ‘अजून थोडा’ म्हणून घातलेले १०० ग्रॅम म्हणजे पाव हिस्सा जादा, आणि जादा गॅसने कूलिंग घटतं.

दोन्ही टोप्या घट्ट लावा, त्यांच्यातली रबरी रिंग हीसुद्धा एक सील आहे. बॉनेटच्या आत कागद चिकटवून तारीख, गॅसचे ग्रॅम, घातलेलं ऑइल आणि जाळीत आलेलं तापमान लिहा. पुढे कधी वर्कशॉपच्या यंत्रात गॅस काढला की ते यंत्र निघालेलं वजन दाखवतं. वर्षाने ४०० पैकी ३८० निघाले तर सगळं जागच्या जागी आहे. २५० निघाले तर विटकरी डाग शोधायला पुन्हा कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा.